दत्तूचं हूड आणि माझा उलटा चष्मा

दत्तू,

तुझं तेरावं आटोपलं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी बेळगावला परतले, आणि तुझा भाचा मला राजाजीनगरातनं उचलून इथे शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला घेऊन आला. "आई, त्या घरात आता एकटी राहायचं नाही," श्री म्हणाला. मी म्हटलं, सरी, येते. एरवी मी मुलाचं एका बोलण्यात ऐकणारी बाई नाही, तुला माहीत आहे. पण भांडायची सवय मला तुझ्याशी. तू नसताना सुरुवात कुठनं करायची तेच कळेना.

तर आता मी अकराव्या मजल्यावर आहे. लिफ्टला कार्ड लागतं, ते श्रीच्या खिशात असतं. दाराला किल्ली नाही, आकडे दाबायचे असतात. ते मला सांगितलेत, मी विसरलेय, आणि पुन्हा विचारायची लाज वाटते. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी मारलीय. सगळे प्रेमानं वागतात रे, सून तर हातात पाण्याचा ग्लाससुद्धा आणून देते. पण दिवसभर वाटत राहतं की कुणीतरी माझ्या डोक्यावर डबा पालथा घातलाय. आणि असं वाटलं की तुझं ते काळं हूड आठवतं.

ते हूड म्हणजे काय हे लोकांना समजावताना माझी किती पंचाईत व्हायची. आपल्या शेजारच्या सरोजक्कांना मी म्हटलं होतं, "माझा भाऊ विमान शिकवतो, आणि शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर झापडं लावतो."

"अय्यो, मग ते पडत नाही?"

"नाही हो. ढगात शिरलं की बाहेरचं काही दिसत नाही ना, तेव्हा नुसत्या समोरच्या काट्यांवर चालवता यायला पाहिजे. त्याची सवय म्हणून चांगल्या उन्हात त्याचं बाहेर बघणं बंद करायचं. समोरच्या तबकड्या तेवढ्या दिसतात. बाहेरचं शेजारी बसलेला दत्तू बघतो."

सरोजक्का बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "म्हणजे लग्न झाल्यासारखंच की." मी तुला हे सांगितलं तेव्हा तू इतका हसलास की ताक सांडलंस.

नवीन काही डोळ्यांवर लावायचं साधन आलं की तू आधी माझ्यावर चढवायचास. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मला बसवायचं, समोर पुठ्ठ्यावर काढलेल्या तबकड्या टेकवायच्या, आणि आपण उजवीकडे खुर्ची ओढून बसायचं. कधी लांब चोचीचं प्लॅस्टिकचं हूड, कधी वरचा भाग धुरकट केलेला चष्मा, कधी टोपीला अडकवायची पट्टी. "अक्का, खिडकी दिसते का? खरं सांग." मी म्हणायचे, दिसते, आणि खिडकीत मांजर बसलंय. मग ते साधन नापास. तू म्हणायचास, अक्काच्या डोळ्याला चोरी करता आली तर माझी वर्गातली पोरं दुप्पट करतील.

नजर कशी फिरवायची ते तू मला शिकवलंस असं तू सगळीकडे सांगायचास. खोटं आहे ते. मधल्या तबकडीवर, ती अर्धी निळी अर्धी मातकट असते तिच्यावर, नजर परत परत यायला हवी, हे तू सांगितलंस. मी म्हटलं, हे तर दुधाचं झालं. दुधाकडे बघायचं, कुकरकडे बघायचं, परत दुधाकडे. फोडणीकडे बघायचं, परत दुधाकडे. तू दुसऱ्या दिवसापासून वर्गात दूध तापवायला लागलास. माझं नाव घेतलंस का तिथे, ते मी कधी विचारलं नाही. घेतलं असशील.

आणि तो उलटा चष्मा. चिकपेटातनं तू वेल्डिंगवाले घासकामाला वापरतात तसला एक साधा पारदर्शक चष्मा घेऊन आलास आणि माझ्यापुढे पॉलिश पेपर ठेवलास. "अक्का, तुझा हात हलका आहे. अर्धी काच घासून धुरकट कर." कुठली अर्धी ते तू बोलला नाहीस. माझ्या स्वतःच्या चष्म्यात जवळचं बघायचा तुकडा खाली असतो. मला वाटलं, जे काय करायचं ते तिथेच करायचं असणार. मी बसून, अगदी कडेपर्यंत सारखी, खालची अर्धी काच घासली. तू संध्याकाळी डोळ्यांवर लावलास आणि म्हणालास, "वा. हा लावून माणूस सगळं कर्नाटक बघेल, फक्त विमानात काय चाललंय ते सोडून."

मी म्हटलं, दे इकडे, टाकते. तर दिला नाहीस. "हा माझा. मला बाहेरच बघायचं असतं." पुढे विमानाची शाळा सुटली, नोकरी सुटली, गुडघे गेले, पण तो चष्मा तुझ्या पिशवीत राहिला. शिकवत होतास तोवर नव्या पोराला पहिल्यांदा हूड घातलं की तू तो डोळ्यांवर चढवायचास म्हणे, म्हणजे ते पोर हसेल आणि श्वास घेईल.

"तू आत बघ, मी बाहेर बघतो." हे तुझं वाक्य. पोरांना वाटायचं, ते त्यांच्यासाठी आहे. त्यांना कुठे माहीत की ते तू आधी मला म्हणाला होतास. श्रीचे वडील गेले, श्री एवढासा, आणि मी त्या घरात शिलाई मशीन आणि भिंत यांच्या मधे अडकलेली. बँक कुठे आहे ते मला माहीत नव्हतं, शाळेत काय बोलायचं ते माहीत नव्हतं, कन्नड धड येत नव्हतं. तू ट्रंक घेऊन आलास, वरच्या खोलीत राहिलास आणि म्हणालास, "अक्का, तू आत बघ, मी बाहेर बघतो." मी आत बघितलं. ब्लाउज शिवले, श्रीला वाढवला, तुझे डबे केले. बाहेरचं तू बघितलंस, इतकं की मला बाहेर बघायची गरजच पडली नाही. याबद्दल तुझे उपकार मानायचे की तुझ्यावर रागवायचं, हे माझं अजून ठरलेलं नाही. दोन्ही एकदमच होतं बघ. सकाळी उपकार, दुपारी राग.

विमानात मात्र मी बसले नाही. तू किती वेळा म्हणालास. "स्वल्प वेळ, अक्का. वर जायचं, तलाव बघायचा, खाली यायचं." मी म्हणायचे, त्या डब्यात मी नाही कोंडून घेणार. घरात आहे तेवढं पुरे. तू नाराज व्हायचास आणि दाखवायचा नाहीस.

हूड की चष्मा, हे आपलं शेवटचं भांडण. मुक्ताचा फोन आला होता, आठवतं ना. श्रीची ही पोरगी तुझ्या नादानं विमानाच्या शाळेत गेली, सगळं छान चाललं होतं, आणि हूडच्या धड्यांना आली आणि अडली. वर गेल्यावर तिचा दम कोंडला. तिनं हूड ओढून काढलं, सरांनी विमान आपल्या हातात घेऊन परत आणलं. सर म्हणाले, तुला झेपेल असं काहीतरी साधन स्वतःचं घेऊन ये, नाहीतर हा अभ्यास सोड.

आपण दोघं ओसरीत अवरे पावट्याचे दाणे सोलत बसलो होतो. भिजवलेला दाणा चिमटीत दाबायचा, टपकन साल सुटतं, तुझे दाणे नेहमी कोचावर उडायचे. मी म्हटलं, तिला चष्मा दे. हलका असतो, बाजूनं उजेड येतो, पोरीला बरं वाटेल.

"बाजूनं उजेड येतो म्हणूनच नको. डोळा तिकडे पळतो."

"पळू दे की स्वल्प."

तेव्हा तू मला त्या ढगाचं सांगितलंस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. हूड घातलेला मुलगा विमान चालवत होता, तू बाहेर बघत होतास, आणि डोंगरामागनं ढग एकदम अंगावर आला. तू त्याला म्हणालास, काढ ते. त्यानं काढलं, तर बाहेरही पांढरंच. "पण त्याला फरकच पडला नाही, अक्का. हूडमधनं हूडमध्ये गेला तो. काट्यांवरनं नजर हलली नाही. चष्म्यावर शिकलेला असता तर उजेड शोधायला मान फिरवली असती, आणि ढगात मान गरकन फिरवली की आपण सरळ आहोत की कलंडलोय ते अंगाला कळत नाही. ढगाला बाजू नसते."

ऐकून मी घाबरले, आणि घाबरले की मी जास्त बोलते. मी म्हटलं, "तू कधी कोंडून राहिला आहेस का दत्तू? मी राहिलेय. कोंडल्यावर माणूस शिकत नाही. सोसतो नुसता."

तू हातातला दाणा सोलायचा थांबलास. मग म्हणालास, "बघू. विचार करून सांगतो." आणि कठडा धरत वर गेलास.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाला हाक मारली तर तू उत्तर दिलं नाहीस. झोपेतच, म्हणाले डॉक्टर. त्रास झाला नसेल, म्हणाले. लोक मला विचारतात, शेवटचं काही बोलला का. मी सांगते, देवाचं नाव घेतलं. काय सांगणार? विचार करून सांगतो म्हणाला, आणि सांगितलं नाही.

इथे आल्यापासून मुक्ता माझ्याच खोलीत झोपत होती. सोमवारी तिला शाळेत परतायचं होतं, आणि श्री म्हणत होता, नको. तसा तो कठोर नाही. घाबरलाय. "मामा होता तोवर ठीक होतं. तिला वर काही झालं तर मी कुणाला विचारू? दुसरं काहीतरी शिकेल ती." मुक्तानं कपाट उघडलं. तुझ्यासारखीच आहे, नाराज झाली की कपडे घडी करत बसते.

रविवारी दुपारी तिनं पलंगावर तीन गोष्टी मांडल्या. तुझं काळं हूड, ते मी येताना तुझ्या पिशवीसकट आणलंय. तिनं मागवलेला नवा धुरकट चष्मा. आणि स्वतःच्या चष्म्याच्या काचेवर चिकटवायचा एक दुधी कागद.

"आजी, यातलं कुठलं?"

"मला काय विचारतेस? मी ब्लाउज शिवणारी बाई."

"मामाआजोबा आधी तुझ्यावरच ट्रायल घ्यायचे ना? तू टेस्ट पायलट आहेस."

आपण एकेक करून बघितलं, म्हणजे मी आणि तिनं. आपण म्हणायची सवय जात नाही. तिला नंबरचा चष्मा आहे, त्यावर हा दुसरा चष्मा बसवला की कानाशी दोन दोन काड्या दाटतात, आणि वरनं हेडफोन लावला की फटीतनं इंजिनाचा आवाज आत येतो. दुधी कागद बरा, पण मान जरा खाली केली की ती काचेच्या वरनं बघू शकत होती. आणि हूड घातलं, तर मी मनात दूध उतू जाईपर्यंत मोजते तेवढ्यातच तिचा श्वास वर चढला. ओढून काढलं. केस चिकटलेले, डोळे पाणावलेले.

"चष्मा घेतला तर पास होईन मी," ती म्हणाली.

"मग घे की. मी तर आधीपासून तेच म्हणतेय."

"पण मला माहीत असणार ना, मी चोरून बघितलंय ते."

दत्तू, माझ्या बाजूचं भांडण मी जिंकतच आले होते. समोर कुणी नव्हतं. आणि तुझं म्हणणं तुझ्यापेक्षा सोप्या शब्दांत ती पोरगी बोलून गेली. मला जिंकल्याचं काही वाटलंच नाही. समोरचा उठून गेल्यावर जिंकायचं कुणाशी?

मी म्हटलं, दे ते इकडे. तुझं हूड मी डोक्यावर चढवलं आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. तुझ्या डोक्याच्या तेलाचा वास अजून आहे त्याला. चोचीच्या आत टेबलाचा एक तुकडा, माझे हात, बस. बाकी सगळं गेलं. टेबलाची कड धरून मी वाट बघत राहिले. कशाची, ते मला क्षणभर कळेना. मग कळलं. तुझ्या बोलण्याची. आपल्या स्वयंपाकघरात मी हूडमध्ये असताना तू कधीच गप्प बसला नाहीस. "डावीकडे मोकळं आहे अक्का. उजवीकडे मोकळं. समोर एक ढग आहे, पण लांब. सरोजक्का पापड घालतायत, वरनं दिसतायत." खोटंनाटं काहीही. मी त्या डब्यात कितीदा बसले, आणि कोंडल्यासारखं मला एकदाही वाटलं नव्हतं, कारण डब्याबाहेर काय आहे ते मला सारखं कानावर येत होतं. इथे टेबलाशी नुसता फ्रिज घुरघुरत होता.

हूड न काढताच मी विचारलं, "मुक्ते, तुझे सर वर गेल्यावर बोलतात का?"

"नाही. गप्प असतात. चुकलं की ओरडतात."

"बाहेर काय आहे ते सांगतात?"

"ते कशाला सांगतील? ते बघतात की."

"बघतात हे तुला आत बसून कसं कळतं?"

ती खुर्चीत चुळबुळली. मग हळूच म्हणाली, "नाही कळत."

"मग विचारायचं."

"असं विचारतात का, आजी? ते चिडतील."

"चिडू देत. चिडून का होईना, बोलतील. तुझ्या मामाआजोबांना कुणी विचारायला लागलं नाही, आपणहून बडबडायचे. सगळ्यांचं तोंड तसं नसतं."

आणि मग मी हूडच ठरवलं, दत्तू. म्हणजे तुझ्या बाजूनं. पण तू काय ठरवलं होतंस ते मला माहीत नाही, हे लक्षात ठेव. विचार करता करता तू चष्म्यावर आला असशील, माझं ऐकून. तसं असेल तर आपण दोघांनी एकमेकांचं ऐकलं आणि परत दोन बाजूंना जाऊन बसलो. आपल्याला शोभेल असंच आहे ते.

हूडचा पट्टा तिच्या चष्म्याच्या काडीवर दाबत होता. मशीन राजाजीनगरात राहिलंय, म्हणून हातशिलाईनंच मी पट्ट्याला आतनं ब्लाउजच्या अस्तराचं कापड लावलं आणि काडीच्या जागी खाच ठेवली. सुई ओवून मुक्तानं दिली. मग पिशवीतल्या पुठ्ठ्याच्या तबकड्या टेबलावर टेकवल्या, ती हूड घालून बसली, आणि मी उजवीकडे खुर्ची ओढली. तुझ्या पिशवीतनं तो उलटा चष्मा काढून डोळ्यांवर लावला. खरंच रे, टेबल गेलं, पुठ्ठा गेला, माझे हात गेले. एक खिडकीच उरली.

तेवढ्यात श्री आला. आईच्या डोळ्यांवर वेल्डरचा चष्मा, मुलीच्या डोक्यावर डबा. "हे काय चाललंय?"

"गप्प बस," मी म्हटलं. "विमान चाललंय."

"आई, मी हिला जायचं नाही म्हणून सांगितलंय."

"बाबा, डिस्टर्ब करू नका ना," मुक्ता आतनं म्हणाली. तिचा श्वास वर चढायला लागलेला मला ऐकू येत होता. मी थांबले. शिकवलेलं तिनं स्वतः करायला हवं होतं. ती थोडा वेळ नुसत्या धापा टाकत राहिली, आणि मग तिनं विचारलं, "आजी, बाहेर मोकळं आहे का?"

आल्यापासून मी त्या खिडकीतनं धड बघितलंच नव्हतं. मला जाळीच दिसायची. आता बघितलं. सांगायला हवं म्हणून बघितलं. "डावीकडे मोकळं आहे. खाली रस्ता तुंबलाय, त्याच्याशी आपल्याला काय. समोरच्या इमारतीवर क्रेन आहे, लांब आहे. जाळीवर एक कबूतर बसलंय, ते आपलंच आहे. तू दुधाकडे बघ."

तिला हसू आलं. हूड हललं, पण हात निघाला नाही. श्वास हळूहळू खाली आला. मी बोलत राहिले, तोंड कोरडं पडलं तरी बोलत राहिले. श्री केव्हातरी मागे खुर्चीवर बसला होता. शेवटी मुक्तानं हूड काढलं तेव्हा त्यानं तिला एवढंच विचारलं, "उद्या सकाळी किती वाजता निघायचंय तुला?"

सोमवारी तो तिला सोडून आला. काल तिचा फोन आला. सर पहिल्यांदा चिडलेच म्हणे. तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, मोकळं आहे, गप चालव. ती म्हणाली, "आजी, तेवढं पुरलं."

मी अजून अकराव्या मजल्यावरच आहे. कार्ड श्रीच्याच खिशात आहे. आकडे मी आज पुन्हा विचारले, आज पुन्हा विसरेन. दुपारी सगळे कामात असतात आणि घरात फ्रिज घुरघुरतो, तेव्हा डबा परत डोक्यावर येतो. मला मोकळं आहे म्हणून सांगणारं आता कुणी नाही, आणि हे काही दिवसांनी बरं होईल असं मला वाटत नाही. मग मी तुझा चष्मा लावते, खिडकीशी खुर्ची घेते आणि मोठ्यानं सांगते. सून एकदा डोकावून गेली.

दत्तू, तू जिथे आहेस तिथे काय दिसतं ते मला माहीत नाही. सगळं पांढरं असेल तर घाबरू नकोस, मान फिरवू नकोस. तू आत बघ. बाहेर मी बघते.

तुझी,
अक्का